आ करा

एवढ्याशा आरशात माणूस पुरता मावतच नव्हता. डोळा आला तर भुवई बाहेर राही, भुवई धरावी तर डोळा निसटे — रुपयाच्या नाण्याएवढी गोल काच, तिला स्टीलची लांब दांडी, दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसला आरसा; काल कुरियरने आलेला आणि आज सकाळी डायनिंग टेबलावर चहाच्या कपाशेजारी पडलेला. दामोदरने तो गालाजवळ नेला, लांब नेला, त्यात आपल्याच कानावरचे पांढरे केस पाहिले आणि आरसा पालथा घातला. बाथरूममधून नळाचा आवाज येत होता. मघापासून येत होता.

नळ सोडून ठेवायची शालनची सवय जुनी, लग्नाच्या पहिल्या महिन्यापासूनची. उन्हाळ्यात बेंगळूरच्या जे. पी. नगरातल्या बायका टँकरच्या पाण्यावरून एकमेकींशी भांडत तेव्हाही सकाळी आणि दुपारी हा नळ असाच वाहायचा, आणि एरवी वाटीभर पाण्याचा हिशेब ठेवणारी शालन त्याबद्दल अवाक्षर काढत नसे, आणि दामोदरही. नळाच्या आड ती मशेरी लावते — तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर घेऊन दातांवरून, हिरड्यांवरून फिरवते आणि गालाच्या आत थोडा वेळ तशीच राहू देते — हे दामोदरला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे शालनलाही बहुधा ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात; इतक्या वर्षांत ती मूठ दोघांपैकी कुणी उघडली नाही, आणि मग उघडायची तरी कशी, हेच विसरून गेले.

दोघंही निपाणीची. तंबाखूच्या वखारींचं गाव, हवेतच तंबाखूचा ठसका असायचा, आणि दामोदरच्या आईच्या गल्लीत उजव्या हाताची तर्जनी काळी नाही अशी बाई शोधून सापडली नसती. पण तो डॉक्टर होऊन आला होता. नव्या पदवीचा नवा ताठा… लग्नाला महिना झाला नसेल, शालन परसात बसून मशेरी लावत होती, आणि त्याने आईसमोर, बहिणींसमोर सुनावलं — हा घाणेरडा प्रकार माझ्या घरात चालायचा नाही. शालनने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं." रागावली नाही, रडली नाही, नुसतं बरं. नंतर बेंगळूरला बिऱ्हाड झालं, दवाखाना झाला, वेदिका झाली, वेदिकाचं लग्न झालं, आणि त्या एका "बरं"च्या मागे शालनची एक खोली कायमची बंद झाली, जिच्यात नळ वाहत असे. दामोदर कधी दुपारी लवकर घरी आला आणि घरात भरदुपारी उदबत्तीचा वास असला, तर तो ओळखायचा की आज तव्यावर तंबाखू भाजलेली आहे. देवाला दुपारची उदबत्ती लावणारी बाई अख्ख्या बिल्डिंगमध्ये दुसरी नसेल. तो हात-पाय धुऊन जेवायला बसायचा, वास छान आहे म्हणायचा.

हे सगळं असंच चाललंही असतं, जर त्याने त्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातलं नसतं.

होसकोट्याला कारखान्यांच्या वस्तीत दवाखाना चालवणारा महांतेश, कॉलेजातला जुना मित्र, त्याने गळ घातली होती: फॅमिली डॉक्टरांना कॅन्सर लवकर ओळखायला शिकवतात, घरबसल्या, वर मेडिकल कौन्सिलचे पॉइंट मिळतात. लोकांना दामोदर पॉइंटचंच कारण सांगत असे. खरं कारण असं की कोपऱ्यावर मोठं हॉस्पिटल झाल्यापासून त्याच्या दुपारी ओस पडल्या होत्या, आणि गुरुवारी दोन ते तीन घरात कुणीतरी बोलत असे. लॅपटॉपवर चौकोनी खिडक्या उघडत, कुठल्या कुठल्या तालुक्यातले डॉक्टर त्यांत बसलेले असत, आणि सुप्रीता नावाची तरुण तज्ज्ञ मुलगी अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड बोलत त्यांना शिकवी. दामोदर सर, तुम्हाला काय वाटतं, असं ती विचारी. दामोदरला काय वाटतं हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं… तीन वाजता खिडक्या एकेक करून मिटत, आणि शेवटी पडद्यावर त्याचा एकट्याचा चेहरा उरे, खालून घेतलेला, हनुवटी मोठी दिसणारा. तो बंद करायलाही त्याला जरा वेळ लागे.

तोंडाच्या कॅन्सरच्या धड्यात सुप्रीता म्हणाली होती, बायकांना तंबाखू खाता का असं विचारू नका; नाही म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. दात कशाने घासता, हे विचारा. महांतेश हसला, बाकीचेही हसले. दामोदरचा कॅमेरा बंद होता. त्या अख्ख्या वर्गात निपाणीचा तो एकटा. हे तर सुप्रीताच्या जन्माआधीपासून त्याला माहीत होतं, आणि तरी दवाखान्यात त्याने आजवर प्रत्येक बाईला तंबाखू खाता का असंच विचारलं होतं, नाही हे उत्तर ऐकून समाधानाने पुढे गेला होता. जणू त्याला ते 'नाही'च हवं होतं… त्या दिवशी त्याने हळूच आवाज कमी केला, कारण हॉलला लागून स्वयंपाकघर आणि आत शालन कणीक मळत होती. मग पडद्यावर लक्षणं आली. तिखट झोंबणं. तोंड पुरतं न उघडणं. कापसाने पुसून न निघणारा पांढरा चट्टा.

तिखट झोंबणं.

गेल्या दिवाळीपासून शालन दोन आमट्या करत होती. एक त्याची, एक तिची, मिरची पडायच्या आधी वाटीत काढलेली. खर्ड्याशिवाय घास न उतरणारी ही बाई. लोणच्याची बरणी टेबलावर आता केवळ शोभेला उरली होती. पित्त झालंय, म्हणाली होती. आणि त्याने, डॉक्टरने, पित्ताच्या गोळ्यांची पट्टी तिच्या ताटाशेजारी ठेवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण पडद्यावरचं लक्षणांचं ते पान पाहिल्यालाही आता तीन गुरुवार उलटले होते, आणि अंधार आहे म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं. रोज सकाळी तो ठरवी, आज विचारू. रोज नळ वाहे, आणि तो पेपर उघडे. विचारायचं म्हणजे काय… मी विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? तर मला म्हणावं लागेल, खोटं. आणि ती म्हणेल, इतकी वर्षं माहीत होतं ना? मग खोटं कुणाचं — तिचं की माझं?

नळ बंद झाला. शालन ओलं तोंड पदराने टिपत बाहेर आली, टेबलावरचा पालथा आरसा तिने पाहिला, कप उचलला, आणि काही न विचारता आत गेली.

या आठवड्याचा गृहपाठ होता तोंड तपासतानाचा व्हिडिओ. मोबाइल समोर उभा करायचा, एका माणसाला बसवायचं, ओठ, गाल, हिरड्या, जीभ, टाळू क्रमाने बघायचं, आणि उद्याच्या वर्गाआधी, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत, पाठवायचं. सुप्रीताने नियम घातला होता: पेशंट नको, हाताखालचं माणूस नको. जे तुम्हाला नाही म्हणू शकतं, अशाच माणसाला बसवा. घरातलं कुणी चालेल. तिने हे हसत, सहज सांगितलं. घरात माणसं असतात, असं त्या वयात वाटतं.

दामोदर दवाखान्याकडे चालत निघाला तेव्हा डोक्यात तेच. मला नाही कोण म्हणू शकतं? महांतेश तिकडे होसकोट्याला, आणि त्याने आपल्या भावाला बसवून व्हिडिओ कधीच पाठवून दिला होता. वेदिका सर्जापूर रोडला. त्याने चालता चालता तिला फोन लावला.

"बाबा, आज नाही जमणार, बॅक टु बॅक मीटिंग्ज आहेत," ती म्हणाली. "सॅटर्डेला नक्की येते. आई ठीक ना?"

"ठीक," तो म्हणाला. हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला होता की तो आता फोन ठेवताना जिभेवर आपोआप येई. एकाच शहरात राहून लेक निपाणीपेक्षा लांब कशी गेली, याचं गणित त्याने सोडून दिलं होतं. निपाणीला निदान बस जाते, सिग्नलला उभी राहत नाही.

दवाखान्यात मदतनीस धनलक्ष्मीने केसपेपर मांडून ठेवले होते. ती हाताखालची; विचारलं असतं तर तिने लगेच आ केला असता, आणि म्हणूनच विचारायचं नव्हतं. सर्दीचे दोन पेशंट झाले, मग बसवंत आला, म्हाताऱ्या आईला घेऊन. अथणीकडचा माणूस, पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये वॉचमन. आई गावाहून येऊन महिना झाला होता आणि तिला ताप होता. ताप साधाच निघाला. दामोदरने गोळ्या लिहिल्या, सवयीने तंबाखूच्या रकान्याशी पेन नेलं, आणि बसवंत सवयीनेच म्हणाला, "अव्वा तंबाखूला हात लावत न्हाई, डॉक्टर."

पेन थांबलं. दामोदरने म्हातारीकडे पाहिलं, आणि आपलाच आवाज त्याला जरा परका वाटला. दात कशानं घासता, आजी?

म्हातारीने आधी मुलाकडे पाहिलं. मग लाजून हसली आणि उजवं बोट वर केलं. काळं, आईच्या गल्लीतलं बोट. मशेरी, ती म्हणाली, तंबाखू न्हवं ती. बसवंत चकित झाला. हिची ती कधीच सुटली होती म्हणे, सुनेनं तर डबी फेकून दिली होती. दामोदरने हातमोजे चढवले आणि म्हातारीला आ करायला सांगितलं. तिने केलं, जेवढं होत होतं तेवढं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेशी, दुधाच्या सायीसारखा एक चट्टा होता. त्याने कापसाने पुसून पाहिला. निघाला नाही.

त्याने दोघांना सावकाश समजावलं: मोठ्या हॉस्पिटलला दाखवायचं, छोटा तुकडा काढून तपासतील, प्रत्येक चट्टा काही कॅन्सर नसतो, पण मशेरी आजपासून बंद, आणि वेळेवर दिसलं हे बरं झालं. बसवंत मान हलवत राहिला, सरी, सरी डॉक्टर. म्हातारी मात्र घाबरली नव्हती. उठताना तिने दामोदरच्या मनगटावर हात ठेवला.

"आजवर समदे तोंड मीटच म्हनत आले," ती म्हणाली. "तुमीच पयले उघड म्हनलासा."

ती गेली, आणि दामोदर हातमोजे काढायचे विसरून बसून राहिला. तो शालनचं उजवं बोट आठवू पाहत होता. पोळी लाटणारा हात आठवला, फोन कानाला लावलेला आठवला, वेदिकाच्या लग्नात अक्षता टाकणारा हात आठवला… बोट आठवेना. काळं आहे की घासून घासून पांढरं ठेवते ती? हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आई म्हणायची. काकण हातात असून दिसत नसेल तर मात्र कुठला आरसा मागवायचा, ते आईने सांगितलं नव्हतं. त्याला एकदम फार एकटं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे असं वाटलं की ती पलीकडच्या खोलीत तितकीच एकटी असणार, आणि हे त्याने आजवर एक डॉक्टर म्हणूनसुद्धा तपासून पाहिलं नव्हतं.

दुपारी तो नेहमीपेक्षा लवकर घरी गेला. दार उघडताच उदबत्तीचा वास आला.

दोघं जेवायला बसली. त्याच्या आमटीवर लाल तर्री, तिची फिकी, वरणासारखी. ती भाताचे लहान लहान घास करत होती, फार लहान, आणि एकेक घास उजव्या बाजूने चावत होती. आजच का दिसलं हे? रोज समोर बसून मी काय बघत होतो — पेपर, टीव्ही, आमटीतलं मीठ? ताटं उचलून झाल्यावर त्याने लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला, आरसा सुलटा केला, आणि ओट्याशी पाठमोऱ्या शालनला म्हणाला की गृहपाठ राहिलाय, तोंड तपासायचा व्हिडिओ पाठवायचाय, कुणीतरी बसायला हवं.

"धनलक्ष्मी आहे की."

"ती मला नाही म्हणू शकत नाही," तो म्हणाला. "नाही म्हणू शकेल असंच माणूस लागतं."

शालनचे हात भांड्यात थांबले. "आणि मी म्हणू शकते?"

"हो."

खाली कुणी तरी रिक्षावाल्याशी स्वल्प, स्वल्प, थोडं कमी कर म्हणत घासाघीस करत होतं.

"मग नाही," शालन म्हणाली.

दामोदरला वाटलं होतं की राग येईल. आला नाही. बोलायला तोंड उघडलं तर आत एकच शब्द होता, आणि तो कुठून आला हे कळायच्या आत तो म्हणून बसला, "बरं."

ती वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, इतकं सरळ, की त्यालाच नजर खाली घ्यावी लागली. ते बरं तिने ओळखलं होतं. तो उठून बाल्कनीत गेला, वेताच्या खुर्चीत बसला. झालं. आता शनिवारी वेदिका येईल, तिला सांगायचं का, तिने आईला सांगायचं का… असं फिरवून फिरवून, लेकीच्या तोंडून बायकोचं तोंड उघडायचं? आतून नळाचा आवाज आला आणि त्याने डोळे मिटले. मशेरी. माझ्या देखत, मी एवढं बोलल्यावर. पण आवाज थोडाच वेळ आला आणि बंद झाला. नुसतं तोंड धुतलं असेल.

मग ती बाल्कनीत आली. केस नीट केले होते, धुतलेलं पातळ नेसली होती, दवाखान्यात जाताना बायका नेसतात तसं. तिने दुसरी खुर्ची ओढून त्याच्यासमोर उजेडात ठेवली आणि बसली.

"तो मोबाइल नको," ती म्हणाली. "माझं तोंड तुमच्या त्या खिडक्यांमधून नाही दाखवायचं मला."

"नको," दामोदर म्हणाला. तो आत जाऊन आरसा, टॉर्च, हातमोजे घेऊन आला; मोबाइल बरणीपासून काढून आडवा करून ठेवला. गृहपाठ गेला. उद्या सुप्रीता विचारेल, दामोदर सर, तुमचा व्हिडिओ? काय वाटेल ते विचारू दे. त्याने टॉर्च लावली. शालनने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"आ कर," तो म्हणाला.

"आधी विचारा," शालन म्हणाली. "सगळ्या बायकांना विचारायचं म्हणून शिकवलंय ना तिनं? मी काय बहिरी आहे? दर गुरुवारी ऐकते मी. ते पान आलं त्या दिवशी तुम्ही आवाज बारीक केलात, तेही ऐकलं."

म्हणजे तिलाही माहीत होतं… तिखट झोंबण्याचं, चट्ट्याचं, सगळं. तीन गुरुवार ती भिंतीच्या त्या बाजूला हे एकटी घेऊन उभी होती, कणीक मळत, आणि तो या बाजूला, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत होती. दामोदरला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. टॉर्च त्याच्या मांडीवर आपला गोल उजेड पाडत राहिली. एवढा साधा प्रश्न, सकाळी त्या म्हातारीला विचारलेला.

"दात कशानं घासतेस?"

शालनने त्याच्याकडे पाहिलं. सगळं आयुष्य गेलं होतं त्या उत्तरावाचून.

"मशेरीनं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "डावीकडं आहे. दिवाळीपासून. जीभ लागली की खरखरीत लागतं. मला भीती वाटते हो."

मलाही, असं त्याला म्हणायचं होतं. त्याने हातमोजा चढवायला घेतला, मग डावा हात तसाच उघडा ठेवून तिच्या हनुवटीखाली धरला. हनुवटी थंड होती, पाण्याची. किती वर्षांनी… तिने तोंड उघडलं. पुरतं उघडत नव्हतं. दोन बोटं मावतील एवढंच, आणि त्याचा अर्थ त्याला समजला. त्याने आरसा हळूच आत नेला, गाल बाजूला सारला, हनुवटीखालच्या हाताने टॉर्च धरली — आणि आरशात काहीच दिसलं नाही. नुसतं पांढरं. तिच्या श्वासाने काच धुरकटली होती. आरसा आधी कोमट पाण्यात बुडवायचा, हे सुप्रीताने दोनदा बजावलं होतं, आणि तो विसरला होता.

"थांब," तो म्हणाला. "धुरकटलाय."

तिने मान हलवली, पण तोंड मिटलं नाही. तो सदऱ्याच्या टोकाने काच पुसू लागला, गरजेपेक्षा जास्त वेळ, आणि तिला ते कळलं असावं, कारण तिने आपला हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. उजवा हात. बोट स्वच्छ होतं, घासून घासून सोललेलं, नखाच्या कडेला मात्र एक काळी रेघ राहिली होती. त्याने ती पाहिली, आणि तिने ती पाहू दिली. घरात कुठलाच नळ चालू नव्हता, आणि उघड्या तोंडाने चाललेला तिचा श्वास त्याला अगदी जवळून ऐकू येत होता.